लाल थेंबाने धरलेला बोल्ट

(दृश्य : हिंगणा औद्योगिक वसाहतीतील दुरुस्तीची शेड. टेबलावर कोळशाच्या चाळणीचे सुटे केलेले भाग.)

नागपूरच्या आसपास थरथरणाऱ्या यंत्रांना तोटा नाही. उमरेड आणि सावनेर भागातील कोळसा खाणींवरच्या चाळण्या, मनसरकडील मँगनीजच्या खाणींवरची यंत्रे, कोराडी आणि खापरखेडा येथील वीज केंद्रांचे पंप आणि पंखे ही सगळी यंत्रे तासन्‌तास कंप पावत असतात, आणि अशा यंत्रातला नुसता आवळलेला बोल्ट हळूहळू सैल होत जातो. बोल्टच्या अक्षाला आडवा असा कंप बसत राहिला तर आट्यांमधले घर्षण क्षणाक्षणाला तुटते आणि बोल्ट आपोआप उलटा फिरू लागतो, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले. याच पद्धतीच्या चाचणीत, ज्याच्यावर सर्वांचा भरवसा असतो तो स्प्रिंग वॉशरही फारसा टिकाव धरत नाही. म्हणून अशा जागी आट्यांवर चिकट द्रवाचा एक थेंब टाकून बोल्ट बसवतात. बाटली कोणत्याही कंपनीची असो, शेडमध्ये त्या द्रवाला लॉकटाइटच म्हणतात.

बसवणे सोपे आहे. हे निवेदन आहे ते असा बोल्ट पुन्हा काढण्याविषयी, कारण चांगले भाग वाया जातात ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर.

(दृश्य : द्रवाची छोटी लाल बाटली उजेडासमोर धरलेली.)

हा द्रव अमेरिकेतील हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये विकसित केला. प्राणवायूचा संपर्क आहे तोपर्यंत तो द्रवच राहतो. बोल्ट आवळला गेला की आट्यांमधली हवा बाहेर ढकलली जाते, लोखंडाचे किंवा तांब्याचे आयन रासायनिक क्रियेला चालना देतात आणि मेथॅक्रिलेट या त्यातल्या रसायनाचे रेणू एकमेकांत गुंफून कडक प्लास्टिक तयार होते. पकड काही मिनिटांत येते आणि पूर्ण ताकद येण्यास साधारण २४ तास लागतात. बाटली हवा झिरपू देणाऱ्या प्लास्टिकची असते आणि मुद्दामच अर्धवट भरलेली असते. नव्या गिऱ्हाइकाला यात माप मारल्यासारखे वाटते, परंतु ती रिकामी जागा आतल्या द्रवाला द्रव ठेवण्यासाठीच असते.

या रचनेतूनच एक महत्त्वाची गोष्ट निघते. गंजलेल्या बोल्टच्या आट्यांमध्ये बारीक भेगा उरतात, त्यांतून पातळ तेल आत शिरते, आणि रात्रभर तेलात ठेवलेला बोल्ट सकाळी सुटू शकतो. लॉकटाइटने मात्र तीच फट पूर्णपणे भरून टाकलेली असते. तेलाला आत जाण्यासाठी वाटच राहत नाही. त्यामुळे येथे तेल ओतून वाट पाहणे निरुपयोगी ठरते, आणि पुढे उष्णता देण्याची वेळ येते तेव्हा तेच तेल पेट घेते.

(दृश्य : वाकून बोल्टचे तोंड पाहणारा तरुण मदतनीस. मागून उस्तादांचा आवाज.)

«उस्ताद, तेल सोडू का याच्यात?»

«थांब जरा. आधी आट्याच्या तोंडाशी काय दिसते ते सांग.»

बोल्ट जाम आहे म्हणताच लांब पाइप लावून जोर करणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. आधी पाहणारे डोळे कमी आहेत. गंज असेल तर तांबूस भुकटी दिसते. चिकट द्रव असेल तर नट आणि आटे जिथे भेटतात तिथे कडेला बाहेर आलेला, वाळून कडक झालेला पातळ थर दिसतो. टोकदार खिळ्याने खरवडला तर त्याचे पापुद्रे निघतात. यांतील बरेच प्रकार अतिनील प्रकाशात चमकतात, म्हणून नोटा तपासण्यासाठी मिळणारी छोटी जांभळी टॉर्च येथे फार उपयोगी पडते. शेडचे दार लोटून, अंधारात ती टॉर्च आट्यांवर धरावी.

रंगाचाही आधार घेता येतो. प्रचलित पद्धतीत जांभळा द्रव बारीक स्क्रूंसाठी आणि कमी ताकदीचा, निळा मध्यम ताकदीचा, लाल कायमच्या पकडीसाठी, आणि हिरवा बहुधा आधीच आवळलेल्या बोल्टच्या फटीत पाझरून जाणारा. तरीही हा संकेत सर्व कंपन्यांवर बंधनकारक नाही, आणि बेअरिंग किंवा बुश बसवण्यासाठीची फार ताकदवान रसायनेही हिरव्या रंगाची मिळतात. म्हणून रंगावरून अंदाज बांधावा, निर्णय घेऊ नये. यंत्राचे दुरुस्तीपुस्तक हाताशी असेल तर कोणत्या आट्यांना काय लावले आहे हे त्यात पुष्कळदा लिहिलेले असते.

जांभळा आणि निळा साध्या हत्यारांनी सुटतात. योग्य मापाचा सहा कोनी सॉकेट, पुरेसा लांब दांडा आणि झटका न देता वाढवत नेलेला जोर एवढे पुरते. बारा कोनी सॉकेट किंवा झिजलेला पाना अशा वेळी नटचे कोपरे गोल करून ठेवतो, आणि मग सोपे काम अवघड होऊन बसते.

लाल द्रवाची गोष्ट निराळी आहे.

(दृश्य : ब्लो लॅम्पची निळी ज्योत. नटच्या एका बाजूचा घासून चकाकता केलेला भाग.)

लाल द्रवाने धरलेल्या बोल्टसाठी उत्पादकच सांगतात की नट किंवा बोल्ट त्या जागी सुमारे २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावा आणि गरम असतानाच फिरवावा. या वाक्यातला दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. हे प्लास्टिक मेणासारखे वितळून वाहून जात नाही. ते तापून मऊ पडते, त्याची पकड ढिली होते, आणि थंड होऊ दिले तर ती बरीचशी परत येते. म्हणूनच तापवून, पाना शोधायला जाऊन, परत येईपर्यंत बोल्ट पुन्हा घट्ट झालेला असतो. सॉकेट, दांडा, जाड चामडी हातमोजे हे सर्व ज्योत पेटवण्याआधी हाताजवळ मांडून ठेवावे.

तपमान मोजण्याचे साधन नसेल तर पोलाद स्वतःच सांगते. नटची एक बाजू घासून चकचकीत करावी. साध्या पोलादावर २३० अंशांच्या सुमारास गवती पिवळा रंग चढतो, २५५ च्या आसपास तो तपकिरी होतो, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा. आपल्याला हवी असलेली जागा पिवळ्या आणि तपकिरी रंगांच्या मध्ये आहे. निळा दिसला म्हणजे गरजेपेक्षा जास्त झाले. २५० अंशांनी उच्च ताकदीच्या बोल्टचे पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, उतरत नाही. लालभडक होईपर्यंत तापवले तर नक्कीच उतरते, आणि असा बोल्ट पुन्हा वापरण्याच्या लायकीचा राहत नाही.

उष्णता आट्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, हे आमच्या मते या कामातील सर्वांत दुर्लक्षित सत्य आहे. नटचा बाहेरचा भाग पिवळा झाला म्हणजे आतला द्रव तापला असे होत नाही. मोठ्या बिडाच्या घरात बसवलेला स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली बिनडोक्याची दांडी, असेल तर ते बीड उष्णता ओढून घेत राहते, त्यामुळे ज्योत फिरवत ठेवून धीराने थांबावे लागते. बारीक ग्रब स्क्रूला, म्हणजे पूर्ण आत बसणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूला, ज्योत दाखवण्याची गरजच नसते. जाड टोकाचा सोल्डरिंग आयर्न त्याच्या षटकोनी खाचेत टेकवून ठेवला की उष्णता नेमकी स्क्रूमधून आट्यांत उतरते आणि शेजारचा शाफ्ट, सील, रंग सुरक्षित राहतात. अ‍ॅल्युमिनियमच्या घरात पोलादी स्टड असेल तर घर तापवावे, कारण अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. १० मिलिमीटर व्यासावर २०० अंशांच्या वाढीला हा फरक सुमारे ०.०२ मिलिमीटर येतो. आकडा लहान आहे, पण आट्यांमधल्या फटीच्या हिशेबात तो पुरेसा आहे. मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या काही मिश्रधातूंची ताकद या तपमानाला फार वेळ राहिल्यास कमी होते, म्हणून येथे ज्योतीऐवजी गरम हवा फेकणारी हीट गन बरी, आणि काम लवकर आटोपलेले बरे.

बोल्ट पहिल्यांदा हलला म्हणजे सुटला असे समजू नये. तुटलेल्या प्लास्टिकचा चुरा आट्यांतच असतो आणि तो शेवटच्या आट्यापर्यंत विरोध करत राहतो. लाल द्रवाच्या काही प्रकारांत हा विरोध सुरुवातीच्या विरोधापेक्षाही जास्त असू शकतो. थोडे मागे, थोडे पुढे असे फिरवत बाहेर काढावे, आणि जड वाटू लागले की पुन्हा तापवावे. येथेच जोर केला की बोल्ट पिळवटून तुटतो.

(दृश्य : हायड्रॉलिक ब्लॉक. त्यावर खडूने मारलेली फुली.)

काही ठिकाणी ज्योत न्यायचीच नाही. हायड्रॉलिक लाइन, कॉम्प्रेसर, एलपीजीची जोडणी, डिझेलची नळी यांवरील फिटिंगच्या आट्यांनाही याच कुळातले सीलंट लावलेले असते. तेथे आधी दाब पूर्ण सोडावा, भाग यंत्रापासून वेगळा करून रिकामा करावा, आणि मगच हीट गनचा विचार करावा. गॅसने भरलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा कोणतेही बंद पोकळ भांडे तापवणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण देणे आहे. जवळ रबरी सील किंवा बेअरिंग असेल तर ते काढून घ्यावे. साधे नायट्राइल रबर आणि बेअरिंगचे पोलाद २५० अंश सहन करण्यासाठी बनवलेले नसते. क्लोरीनयुक्त क्लीनरने पुसलेल्या भागावर ज्योत कधीही धरू नये, कारण त्यातून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो. नुसता लॉकटाइट तापला तरी डोळ्यांना आणि घशाला झोंबणारा धूर निघतो. मे महिन्यात उन्हाच्या झळा आत येऊ नयेत म्हणून आपल्याकडे शेडची दारे बंद ठेवतात. हे काम करताना ती उघडीच हवीत, आणि पंख्याची हवा धूर बाहेर नेईल अशी हवी.

स्टड आतच तुटला तर ईझी आउट, म्हणजे तुटका तुकडा उलटा फिरवून काढण्याचे हत्यार, ठोकण्याची घाई करू नये. ते हत्यार कडक आणि ठिसूळ असते. आत तुटले तर साध्या ड्रिलला दाद देत नाही. तुटलेल्या तोंडावर नट ठेवून आतून वेल्डिंग करावे. नव्या नटमुळे पाना लावायला जागा मिळतेच, शिवाय वेल्डिंगची उष्णता थेट स्टडमधून आट्यांत उतरते आणि लाल द्रव आपोआप मऊ पडतो. एकाच कृतीत दोन्ही गोष्टी साधतात, म्हणून लॉकटाइट लावलेल्या तुटक्या स्टडसाठी हाच मार्ग प्रथम वापरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

(दृश्य : तारेच्या ब्रशने साफ होणारे आटे.)

काढल्यानंतर जुना थर बोल्टवरून तारेच्या ब्रशने आणि भोकातून जुन्या टॅपने, म्हणजे आटे पाडण्याच्या हत्याराने, हलक्या हाताने साफ करावा. नवा धारदार टॅप प्लास्टिकबरोबर धातूही कापतो. त्यानंतर तेलाचा अंश पुसून आटे कोरडे करावेत. स्टेनलेस स्टील आणि झिंकचा मुलामा असलेल्या पृष्ठभागांवर द्रव सावकाश पक्का होतो, तेथे द्रव लवकर पक्का करणारा अ‍ॅक्टिव्हेटर लावावा किंवा यंत्र चालू करण्यापूर्वी जास्त वेळ द्यावा.

राहिली बाटली. तिच्यावर साधारण ८ ते २१ अंशांत ठेवण्याची सूचना असते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये फळीवर ठेवलेला द्रव अशा उन्हाळ्यात घट्ट होऊन वाया जाऊ शकतो. बाटली ऑफिसातल्या थंड कपाटात ठेवावी. नवा बोल्ट बसवल्यावर कोणत्या रंगाचा द्रव, कोणत्या आट्याला आणि कोणत्या तारखेला लावला, हे यंत्राच्या नोंदवहीत लिहावे, आणि लाल वापरला असेल तर बोल्टच्या डोक्यावर पेंटचा एक ठिपका द्यावा.