वॉर्डमधली हवा कोण बघतं?

१८५४ चा नोव्हेंबर. तुर्कस्तानातलं स्कुटारी, क्रिमियन युद्धातले ब्रिटिश सैनिक इथे आणले जातायत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ नर्सेस घेऊन पोचल्या तेव्हा बराकीतल्या त्या हॉस्पिटलखाली गटारं तुंबलेली, वॉर्ड कोंदट, अन् माणसं जखमांपेक्षा कॉलरा, टायफस अन् हगवणीनंच जास्त जात होती. नर्सेस मरमर राबत होत्या तरी त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले, उतरले ते मार्च १८५५ मध्ये ब्रिटिश सरकारनं स्वच्छतेसाठी पाठवलेल्या सॅनिटरी कमिशननं येऊन गटारं उपसली, हवा खेळती केली तेव्हा. बिल्डिंगच पेशंटच्या जिवावर उठली असेल तर सिस्टर एकटी काय करणार, हे नाइटिंगेलबाईंनी मायदेशी परतल्यावर आकडे मांडून सरकारला दाखवलं.

पुढे नर्सिंगवर पुस्तक लिहिलं, त्यात पहिलंच प्रकरण हवेचं. पेशंटला थंडी न लागू देता आतली हवा बाहेरच्याइतकी स्वच्छ ठेवा. मग हे असे वॉर्ड बांधले जायला लागले, बघा, लांबलचक हॉल, उंच छत, समोरासमोर खिडक्या, वारा आरपार. हवेतून पसरणाऱ्या टीबीचा जंतू तर सापडला त्यानंतर, १८८२ साली.

आता पेरूमधलं लिमा. इथल्या आठ हॉस्पिटलांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. खोली बंद करायची, कार्बन डायऑक्साइड सोडायचा, फॅननं सगळीकडे पसरवायचा, मग खिडक्या-दारं उघडून तो किती झपाट्यानं कमी होतो ते मोजायचं. उघडं ठेवलं की हवा तासाला साधारण २८ वेळा बदलायची, बंद केलं की त्याचा अठरावा हिस्सा. मशीननं हवा बदलणाऱ्या आयसोलेशन रूमसाठी शिफारस आहे १२ ची! अन् पन्नास वर्षांहून जुने, उंच छताचे वॉर्ड? ४०.

आपल्याकडे मुंबईत औषधांना दाद न देणारा टीबी आहे, आणि तरी कितीतरी नव्या वॉर्डांत छत खाली, काचा पक्क्या बंद, भिंतीवर स्प्लिट एसी, जो बाहेरची हवा आत घेतच नाही, आतलीच हवा गार करून फिरवतो. त्यात एखादा पेशंट खोकतोय, निदान अजून व्हायचंय, आणि सिस्टर अख्खी ड्युटी त्याच हवेत. याचा खरंच राग येतो.

डास येतात, धूळ येते, रात्री पेशंटच खिडकी लावून घेतात, सगळं मान्य, पण जाळी बसवता येते, वरच्या झडपा उघड्या ठेवता येतात, एक्झॉस्ट लावता येतो. कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर भिंतीवर असला तर हवा कोंदली की आकडा चढलेला कुणालाही दिसतो. तो बघून खिडक्या उघडायला लावायचा अधिकार वॉर्डच्या सिस्टरला द्या, अन् नव्या बिल्डिंगच्या नकाशावर सही व्हायच्या आधी तो तिच्यासमोर ठेवा.