केबीएस-१ : १३८ दिवसांचं प्रक्षेपण

[दृश्य : सोल, येओइदो. केबीएसची इमारत. भिंतींवर, हरवलेल्या नातलगांना शोधणाऱ्या, हाताने लिहिलेल्या कागदांच्या रांगा.]

दक्षिण कोरियात टीव्ही आला १९५६ साली, सोलच्या एका खासगी केंद्रातून. फेब्रुवारी १९५९मध्ये ते आगीत जळालं. ३१ डिसेंबर १९६१ला सरकारने केबीएसची, म्हणजे कोरियाच्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेची, दूरचित्रवाणी सुरू केली. १९७३मध्ये केबीएस सार्वजनिक महामंडळ झालं.

रंगाला मात्र १ डिसेंबर १९८० उजाडला. देशातले कारखाने रंगीत संच बनवून निर्यात करत होते, पण घरच्या पडद्यावर सगळं कृष्णधवलच. चैनीच्या वस्तूने गरीब-श्रीमंत दरी डोळ्यांत भरेल, ही सरकारची भीती. (आपल्याकडे रंग आले १९८२च्या दिल्ली आशियाडला.) त्याच सुमारास लष्करी राजवटीने टीबीसी ही खासगी वाहिनी बळजबरीने केबीएसमध्ये विलीन केली, तीच केबीएस-२. रात्री नऊचा टोला पडला की पहिली बातमी राष्ट्राध्यक्ष चुन डू-ह्वान यांची. पुढे १९८६मध्ये प्रेक्षकांनी टीव्हीचं परवाना शुल्क न भरण्याची चळवळच उभारली.

[दृश्य : दुभागलेला पडदा. डावीकडे सोल, उजवीकडे दुसऱ्या शहरातला स्टुडिओ.]

पण याच केबीएसच्या पहिल्या वाहिनीवर, केबीएस-१वर, ३० जून १९८३च्या रात्री कोरियन युद्धात (१९५०-५३) ताटातूट झालेल्यांसाठी ९५ मिनिटांचा कार्यक्रम ठेवला होता. तो संपला १४ नोव्हेंबरला. एकूण ४५३ तास ४५ मिनिटं.

माणसं छातीशी फलक धरून कॅमेऱ्यासमोर येत : नाव, आईवडिलांची नावं, मूळ गाव, हात कुठे सुटला. ओळख वाटली की प्रादेशिक केंद्रातला माणूस थेट जोडून दोघांना शेजारी-शेजारी दाखवत. अडचण नावांची होती. चार-पाच वर्षांच्या पोराला घरातलं लाडाचं नाव तेवढं आठवायचं, आणि अनाथालयात त्याला दुसरंच मिळालेलं. म्हणून खुणा विचारायच्या. कपाळावर व्रण आहे? कशाने झाला? घरामागे काय होतं? उत्तर जुळलं की पुढचा शब्द कुणालाच फुटत नसे.

अर्ज १,००,९५२ आले. पडद्यावर ५३,५३६ जण आले. १०,१८९ जणांना आपलं माणूस सापडलं.

[दृश्य : टेपची कपाटं.]

टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायच्या, ही तेव्हा जगभरची रीत. या ४६३ टेप मात्र जपल्या गेल्या. २०१५मध्ये युनेस्कोने त्यांची, सोबतच्या अर्जांची आणि छायाचित्रांची जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद केली.