हिशेब चुकलेली मेमरी: स्मार्टफोनच्या ड्रायव्हरमधील दोषांविषयी

नमस्कार. डिसेंबर २०२४ मध्ये सर्बियात एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा फोन पोलिसांच्या ताब्यात गेला आणि तो लॉक असतानाही उघडला गेला. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवाधिकार संघटनेच्या सुरक्षा प्रयोगशाळेने त्या फोनची तपासणी केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. फोनच्या यूएसबी पोर्टमधून आत शिरण्याची वाट काढण्यात आली होती, आणि ती वाट लिनक्स कर्नलमधील, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील, यूएसबी ड्रायव्हरच्या दोषांमधून जात होती, असे त्या अहवालातून पुढे आले. त्या दोषांपैकी एक यूएसबी कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरमध्ये होता. ज्या फोनच्या मालकाने आयुष्यात कधी फोनला बाहेरचा कॅमेरा जोडला नसेल, त्याच्याही फोनमध्ये हा ड्रायव्हर असू शकतो आणि तो पासवर्ड न मागता कामाला लागतो. आजचे माझे बोलणे या एका गोष्टीभोवती फिरणार आहे: ड्रायव्हर म्हणजे काय, तो मेमरीचा हिशेब कुठे चुकतो, आणि त्या चुकीची किंमत एवढी मोठी का असते.

प्रथम ड्रायव्हरची जागा पाहू. फोनमधील प्रत्येक ॲप आपापल्या मर्यादेत काम करते. एका ॲपला दुसऱ्याची मेमरी वाचता येत नाही, आणि ही मर्यादा सांभाळण्याचे काम कर्नल करतो. कॅमेरा, ग्राफिक्स प्रोसेसर, वायफाय, ध्वनी यांच्या चिपशी बोलणारा ड्रायव्हर मात्र बहुतेक वेळा त्या कर्नलचाच भाग म्हणून, कर्नलच्या सगळ्या अधिकारांनिशी चालतो. अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सचा आहे, आणि लिनक्समध्ये ड्रायव्हर व उरलेला कर्नल यांच्यामध्ये कोणतीही भिंत नाही. त्यामुळे पहारेकऱ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, जी दारे उघडी असतात, ती सगळी ड्रायव्हरलाही उघडी असतात. एखाद्या ॲपमध्ये दोष सापडला तर त्या ॲपची माहिती धोक्यात येते. ड्रायव्हरमध्ये सापडला तर सगळ्या ॲपची माहिती, मायक्रोफोन, कॅमेरा आणि सुरक्षेचे नियम यांच्यावरचा ताबाच जातो.

असे असूनही फोनमधला सर्वांत कमी तपासला जाणारा कोडही हाच असतो. लिनक्सचा मूळ कोड जगभरातील माणसे वाचतात, त्यावर वाद घालतात, बदल परत पाठवतात. चिप बनवणाऱ्या कंपन्यांचे ड्रायव्हर बरेचदा त्या वाटेने जातच नाहीत. ते नव्या चिपसोबत, बाजारात उतरण्याच्या घाईत लिहिले जातात आणि मोजक्या लोकांच्या नजरेखालून जाऊन थेट कोट्यवधी फोनमध्ये पोहोचतात. गुगलच्या अँड्रॉइड सुरक्षा गटाने २०१६ मध्ये जाहीर केले होते की २०१४ पासून त्यांच्याकडे आलेल्या कर्नलच्या दोषांपैकी सुमारे ८५ टक्के दोष अशा कंपन्यांच्या ड्रायव्हरमध्ये होते. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कर्नलच्या सुरक्षेविषयी माझी जी समजूत होती ती मला मुळापासून बदलावी लागली.

आता त्या कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरकडे वळू. यूएसबी कॅमेरा जोडला की तो स्वतःची ओळख सांगतो: मी अमुक स्वरूपात चित्र देतो, त्या स्वरूपात अमुक आकाराच्या फ्रेम देतो. ड्रायव्हर ही यादी दोनदा वाचतो. पहिल्या वाचनात तो फक्त मोजतो, किती फ्रेमची वर्णने आहेत ते पाहतो आणि तेवढी मेमरी मागून घेतो. दुसऱ्या वाचनात तो प्रत्येक वर्णन त्या मेमरीत उतरवून घेतो. मोजणी आणि उतरवणे या दोन कामांचे नियम एकच असतील, असे या रचनेत गृहीत धरलेले आहे.

ते तसे नव्हते. चित्राच्या काही प्रकारांना फ्रेमचे वर्णन नसते, आणि अशा प्रकारासाठी ड्रायव्हर ‘कोणत्या प्रकारची फ्रेम शोधायची’ या चलात शून्य ठेवत असे. लिहिणाऱ्याच्या मनात त्या शून्याचा अर्थ ‘काहीही शोधू नको’ असा होता. पण यूएसबीच्या मानकात ‘अनिश्चित’ नावाच्या वर्णनाचा क्रमांकही शून्यच आहे. एखाद्या उपकरणाने मुद्दाम शून्य क्रमांकाची वर्णने पाठवली की दुसऱ्या वाचनातला कोड ती जुळली असे समजून एकामागून एक उतरवत जाई. पहिल्या वाचनात मात्र ती मोजलेलीच नसत. मागून घेतलेली जागा संपे, लिहिणे चालूच राहे, आणि पुढच्या, दुसऱ्याच्या मालकीच्या मेमरीवर उपकरणाने ठरवलेले आकडे पडत. हद्दीबाहेर लिहिणे म्हणतात ते हेच. दुरुस्ती अगदी लहान होती: शोधायचा प्रकार शून्य असेल तर आत जाऊ नको, एवढी एक अट एका ओळीत घालावी लागली. तो कोड २००८ सालापासून लिनक्समध्ये होता. सोळा वर्षे तो असंख्य यंत्रांवर चालला आणि प्रामाणिक कॅमेऱ्यांशी त्याचे कधी बिनसले नाही, कारण प्रामाणिक कॅमेरा तसली यादी पाठवतच नाही.

मला या उदाहरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की तो कोड लिहिणारा माणूस निष्काळजी नव्हता. ड्रायव्हर लिहिणारा पूर्वापार असे मानत आला की समोरचे हार्डवेअर चुकू शकते, पण ते खोटे बोलणार नाही. फोन खिशात राहू लागला, अनोळखी चार्जरला आणि अनोळखी हातांत जाऊ लागला, तेव्हा हे गृहीतक कोसळले. कोड मात्र त्याच गृहीतकावर उभा राहिला. हा कोड ज्या भाषेत लिहिलेला आहे ती सी भाषा अशा वेळी काहीच आडकाठी करत नाही. मेमरीचा पत्ता आणि त्या पत्त्यापासून किती अंतरावर लिहायचे, हे सांगितले की ती लिहिते. जागा आपली आहे की परक्याची, हे पाहण्याची जबाबदारी तिने पूर्णपणे प्रोग्रामरवर टाकलेली आहे.

दुसऱ्या जातीचा दोष याहून अवघड आहे. त्याला ‘यूज आफ्टर फ्री’ म्हणतात, म्हणजे परत केलेली मेमरी वापरत राहणे. ड्रायव्हरने एक तुकडा वापरला, काम झाल्यावर तो कर्नलला परत केला, पण त्याचा पत्ता कुठेतरी नोंदलेला राहिला. कर्नलने तोच तुकडा पुढे दुसऱ्या कामाला दिला, समजा कोणत्या प्रोग्रामला किती अधिकार आहेत याची नोंद ठेवायला. आता जुन्या पत्त्यावरून लिहिणारा खरे तर त्या अधिकारांच्या नोंदीत लिहीत असतो. कोणता तुकडा मोकळा करवायचा आणि त्या जागी काय येऊन बसेल, हे हल्लेखोराला घडवून आणता आले की फोन त्याचा झाला.

ग्राफिक्स प्रोसेसरच्या ड्रायव्हरमध्ये हा दोष वारंवार का सापडतो, ते समजून घेण्यासारखे आहे. ग्राफिक्स प्रोसेसर हा स्वतंत्र प्रोसेसर आहे आणि त्याच्याकडे मेमरीचा स्वतःचा नकाशा असतो. म्हणजे एकाच मेमरीचे दोन हिशेब चालू असतात, एक मुख्य प्रोसेसरचा आणि एक ग्राफिक्सचा, आणि ते जुळते ठेवणे ड्रायव्हरच्या अंगावर असते. मेमरी कमी पडली की कर्नल काही पाने, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, परत मागतो, त्याच क्षणी ॲप नवी पाने मागत असते, त्याच ॲपचा समांतर चालणारा दुसरा थ्रेड जुनी सोडत असतो. या धांदलीत एका वहीतून नोंद खोडली गेली आणि दुसऱ्या वहीत तशीच राहिली, तर मोकळे झालेले पान ग्राफिक्स प्रोसेसरला दिसतच राहते. शिवाय स्क्रीनवर काहीही काढायचे तर प्रत्येक ॲपला हा ड्रायव्हर लागतो, त्यामुळे परवानगी न मागणारे साधे ॲपही त्याच्यापर्यंत पोहोचते. एवढे अधिकार आणि एवढी सार्वजनिक ये-जा एकाच ठिकाणी असलेली दुसरी जागा फोनमध्ये शोधून सापडणे कठीण.

२०२२ च्या जून-जुलैमध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या दोष शोधणाऱ्या गटाला, चिपची रचना करणाऱ्या आर्म कंपनीच्या माली या ग्राफिक्स प्रोसेसरच्या ड्रायव्हरमध्ये पाच दोष सापडले. आर्मने जुलै आणि ऑगस्टमध्ये ते दुरुस्त केले, सुधारित कोड खुला केला. नोव्हेंबरमध्ये त्या गटाने माली असलेले फोन तपासले, तर पिक्सेल, सॅमसंग, शाओमी, ओप्पो अशा नावाजलेल्या फोनमध्येही ती दुरुस्ती पोहोचलेली नव्हती. चिपची रचना करणाऱ्याकडून चिप बनवणाऱ्याकडे, तिथून फोन बनवणाऱ्याकडे, आणि मग वापरणाऱ्याकडे असा हा प्रवास आहे. या मधल्या काळात दुरुस्तीचा कोड सगळ्यांपुढे उघडा असतो, आणि जुना व नवा कोड शेजारी ठेवून दोष कुठे होता हे ओळखणे जाणकाराला अवघड जात नाही. दुरुस्ती प्रसिद्ध होणे आणि ती फोनमध्ये उतरणे यांतले अंतर हाच मला या सगळ्या विषयातला सर्वांत दुर्लक्षित धोका वाटतो, कारण तिथे शोध लागलेला असतो, उपायही तयार असतो, आणि तरीही माणूस असुरक्षित राहतो.

उपाय होत नाहीत असे नाही. आर्मने मेमरी टॅगिंग नावाची सोय प्रोसेसरमध्येच आणली: मेमरीच्या प्रत्येक १६ बाइटच्या तुकड्याला चार बिटांची खूण, आणि पत्त्यावरही तशीच खूण, दोन्ही जुळल्या नाहीत तर वाचणे-लिहिणे थांबते. २०२३ मधील गुगलच्या पिक्सेल ८ या फोनवर ती चालू करता येऊ लागली. पण मार्च २०२४ मध्ये गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रयोगशाळेतील संशोधक मान यू मो यांनी याच फोनवर, टॅगिंग चालू असताना, माली ड्रायव्हरमधल्या दोषातून कर्नलचा ताबा मिळवून दाखवला. कारण मी आत्ताच सांगितले: मोकळे झालेले पान ग्राफिक्स प्रोसेसरच्या नकाशातून गाठले गेले, आणि खुणा तपासण्याची व्यवस्था त्या वाटेवर नव्हतीच. याचा अर्थ टॅगिंग निरुपयोगी आहे असा कृपया घेऊ नका. हद्दीबाहेर लिहिण्याचे अनेक प्रकार त्याने अडतात. दोन वह्यांचा मेळ मात्र ते घालू शकत नाही.

रस्ट या भाषेकडून मला अधिक आशा आहे. मेमरीच्या प्रत्येक तुकड्याचा मालक कोण आणि तो किती काळ, हे रस्टमध्ये प्रोग्राम तयार होतानाच तपासले जाते, आणि हिशेब न जुळणारा कोड तयारच होत नाही. डिसेंबर २०२२ मधील लिनक्स ६.१ पासून कर्नलमध्ये रस्टला जागा मिळाली. अँड्रॉइडमध्ये नवा कोड अशा सुरक्षित भाषांत लिहायला सुरुवात झाल्यावर एकूण सुरक्षादोषांतील मेमरीच्या दोषांचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले, असे गुगलचे आकडे सांगतात. विशेष म्हणजे जुना कोड सगळा पुन्हा लिहावा लागला नाही. दोष प्रामुख्याने नव्या कोडमध्ये असतात, म्हणून नवा कोड बदलल्याने फरक पडला. ड्रायव्हरच्या बाबतीत एवढेच ध्यानात ठेवावे लागते की चिपशी थेट बोलताना रस्टलाही काही भाग ‘असुरक्षित’ म्हणून वेगळा लिहावा लागतो, आणि ग्राफिक्स प्रोसेसरच्या नकाशात काय आहे ते भाषेला आपोआप कळत नाही. पण संशय कुठे घ्यायचा त्या ओळी निदान खूण केलेल्या असतात, आणि तपासणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे.

आपल्या हातात काय आहे, असे मला नेहमी विचारले जाते, म्हणून एक बारकावा सांगतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षा पॅचची, म्हणजे शेवटच्या सुरक्षा दुरुस्तीची, तारीख दिसते. दर महिन्याच्या सुरक्षा पत्रकात साधारणपणे दोन पातळ्या असत आल्या आहेत: १ तारखेच्या पातळीत प्रामुख्याने अँड्रॉइडच्या वरच्या थरांतील दुरुस्त्या येतात, आणि ५ तारखेच्या पातळीत त्यांच्यासह कर्नलच्या व चिप कंपन्यांच्या ड्रायव्हरच्या दुरुस्त्या येतात. यूएसबी कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरमधली ती एका अटीची दुरुस्ती ५ फेब्रुवारी २०२५ च्या पातळीत होती. ज्या फोनवर तेव्हा १ फेब्रुवारी ही तारीख दिसत होती, तो त्या महिन्याच्या पॅचनंतरही त्या शून्याच्या बाबतीत सुरक्षित झाला असे मानण्याला काही आधार नव्हता.