शेवटचे वीस मिली

तंत्रज्ञ मित्रहो, पत्रिकेत माझा विषय 'पोटाच्या सीटीत डायमागून सलाईन' असा छापलाय. डाय म्हणजे अवयव उजळ दिसावेत म्हणून शिरेतून देतो ते आयोडीनचं औषध. विषय लहान आहे, त्यामुळे मला भीती नाही. अध्यक्षांना असावी.

सलाईनवर आपल्या लोकांचा भारी जीव. जरा अशक्तपणा वाटला की 'डॉक्टर, एक सलाईन लावून टाका'. एकदा पोटाच्या सीटीला एक आजी आल्या, सोबत मुलगा. त्यानं पाहिलं, ५०० मिलीची बाटली आणि त्यातलं ४० मिलीच सिरिंजमध्ये ओढलं. स्कॅन झाला, आजी उठून बसल्या, हा हलेना. "साहेब, बाटलीचे पैसे घेतले ना? मग उरलेलं लावा की आईला. चार दिवस जेवली नाहीये." तंत्रज्ञ म्हणाला, अहो, हे ताकदीचं नाही, डाय ढकलायला आहे. तर हा म्हणतो, "मग एवढं मशीन काय करतं?"

हसू नका, प्रश्न बिनतोड आहे. मशीन ढकलतं ते सिरिंजमधला डाय. सिरिंज रिकामी झाली की दट्ट्या थांबतो. नळीतला आणि दंडाच्या शिरेतला डाय मागे रेंगाळतो. हे त्या गड्याला दोन मिनिटांत पटलं. एका रुग्णालयाच्या खरेदी विभागाला मात्र पटता पटेना. लाखो रुपये मोजून ड्युअल हेड इंजेक्टर (एका डोक्याला डायची सिरिंज, दुसऱ्याला सलाईनची) घेतला, फीत कापली, पेढे वाटले. दुसरी सिरिंज आणि दोन्ही सिरिंजना जोडणारी वाय-नळी मागितली की शेरा : 'आवश्यकता स्पष्ट करावी.' केली. पुढचा शेरा : 'सलाईन वॉर्डात लावले जातेच.' यावर काय बोलणार? इंजेक्टरच्या दुसऱ्या डोक्याला कुणीतरी प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली होती, धूळ बसू नये म्हणून. काळजी बघा!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत म्हणे. बरं, मुद्द्यावर येतो.

नळी आणि कोपरापासून छातीपर्यंतच्या शिरा मिळून १५-२० मिली डाय सहज अडकतो. ३५०चा, म्हणजे मिलीमागे ३५० मिलिग्रॅम आयोडीनचा, डाय असेल तर ५ ते ७ ग्रॅम आयोडीन. ६० किलोच्या माणसाला किलोमागे ५०० मिलिग्रॅम धरलं तर एकूण ३० ग्रॅम. म्हणजे पाचवा हिस्सा दंडातच! आमटीची वाटी आपण पाणी घालून विसळून पितो, तसंच हे. तो डाय पोचतो, पण मागाहून, पातळ होत. ७०व्या सेकंदाला पोर्टल फेज, म्हणजे पोर्टल शिरेतून लिव्हरमध्ये डाय भरतो तेव्हाचा स्कॅन, घेताना लिव्हरला तो वेळेवर हवा. म्हणून डाय संपताक्षणी ३०-४० मिली सलाईन, त्याच वेगानं. डाय सेकंदाला ३ मिली, तर सलाईनही ३.

यात जादू नाही. लिव्हर किती उजळेल हे मुख्यतः वजनाच्या हिशेबात किती आयोडीन दिलं यावर ठरतं. छातीच्या सीटीत सलाईनमुळे वरच्या महाशिरेजवळचे पांढरे पट्टेही कमी होतात; पोटात तो लाभ नाही. इथे वाया जाणारं कामी येतं, आणि तेवढा डाय कमी भरता येतो.

सलाईन आधीही सोडा, डायच्याच वेगानं, इंट्राकॅथच्या, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळीच्या, जागेवर बोट ठेवून. शिरेबाहेर गळून हात फुगायचाच असेल तर सलाईननं फुगलेला परवडला. वॉर्डातून हाताच्या पाठीवर पिवळं, बारीक इंट्राकॅथ लावून पाठवतात, ते चालवून घेऊ नका. कोपराजवळ त्याहून जाड, गुलाबी मागा. आणि हवा दोन्ही सिरिंजची काढा. वाय-नळीच्या सलाईनच्या फाट्यात बुडबुडा राहतो, तिकडे कुणाचंच लक्ष नसतं.