किलोच्या आकड्याआड

श्रोतेहो, नमस्कार.

बाळ जन्मलं की घरचे दोन गोष्टी विचारतात. मुलगा की मुलगी, आणि वजन किती? ‘साडेतीन किलो’ म्हटलं की आजी काजळाची डबी शोधायला लागते; ‘अडीच’ ऐकलं की खोलीत जरा शांतता पसरते. पण ते वजन कशाचं आहे, हाडामांसाचं की चरबीचं, हे काटा सांगत नाही. त्याचा थोडाफार सुगावा लागतो नाळेतल्या रक्तातून.

नाळेला चिमटे लावून मध्ये कात्री चालवली, की वारेकडच्या तुकड्यात थोडं रक्त उरतं. एरवी ते वारेबरोबर टाकूनच देतात. तेच सुईनं ओढून नळीत घेतलं, बर्फात ठेवून यंत्रात फिरवलं, की वर पिवळसर पाणी सुटतं. त्यात बाळाची संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, मोजता येतात. बाळाला टोचावंही लागत नाही.

वाढ म्हटली की आपल्याला ग्रोथ हार्मोन आठवतं. पोटातल्या बाळाच्या बाबतीत मात्र त्याचं फारसं चालत नाही. ते जन्मतःच नसलेलं बाळही साधारण नेहमीच्याच वजनाचं जन्मतं. गर्भातला खरा कारभारी इन्सुलिन, आणि त्याच्या जोडीला आयजीएफ-वन, म्हणजे इन्सुलिनसारखंच एक वाढीचं संप्रेरक. इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंडच तयार न झालेलं बाळ अगदी किरकोळ असतं, ते त्यामुळेच.

गंमत अशी, की आईची साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. आईची साखर वाढली की ती जिरवायला बाळालाच जास्त इन्सुलिन बनवावं लागतं, आणि मग अंगावर चरबी चढते. डेन्मार्कचे डॉक्टर योर्गन पेडरसन यांनी हे 1950च्या दशकात मांडलं. 2008 साली ‘हापो’ नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. नऊ देश, सुमारे 25 हजार गर्भवती. त्यात नाळेतलं सी-पेप्टाइड मोजलं. इन्सुलिन बनताना ते त्याच्या बरोबरीनं सुटतं, आणि नळीत लाल पेशी फुटल्या तर इन्सुलिन नासतं, हे टिकतं. आईची साखर जशी चढत गेली, तसं बाळाचं वजनही चढलं आणि सी-पेप्टाइडही. आणि हे मधुमेह न म्हणता येणाऱ्या साखरेच्या पातळीतही दिसलं.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांचं नाळेतलं रक्त शेजारी ठेवलं. पुण्याची बाळं सरासरी अर्ध्या किलोहून जास्त हलकी. लेप्टिन हे संप्रेरक चरबीतून येतं; हलक्या बाळात ते कमी असेल, असं कुणालाही वाटेल. ते कमी नव्हतं. आणि इन्सुलिन तर लंडनच्या बाळांपेक्षा जास्त होतं!

याच गटानं पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत नवजात बाळं मोजली होती. सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास, दंड बारीक. पण खांद्याच्या फऱ्याखाली कातडीची चुणी चिमट्यात धरली, म्हणजे कातडीखालची चरबी मोजली, तर चुणीची जाडी इंग्लंडच्या साडेतीन किलोच्या बाळापेक्षा फार कमी भरत नव्हती.