सी ड्राइव्हमध्ये कोण बसलंय?

(शॉट: लाल पट्टी, क्लोज-अप)

ही लाल पट्टी बघा. 465 पैकी 3 जीबी शिल्लक. हार्ड डिस्कचा डबा आणला तेव्हा त्यावर 500 लिहिलेलं होतं, पण बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज 1024 ने, त्यामुळे ते 35 जीबी कुणी खाल्लेले नाहीत, ते पहिल्या दिवसापासून असेच दिसतात.

कराडमधला एक फोटो स्टुडिओ. सीपीयूवर दसऱ्याचा झेंडू अजून तसाच, वाळून तपकिरी झालेला. खिळ्याला पेन ड्राइव्हची माळ, कपाटात मार्करने ‘हळद + लग्न’ लिहिलेल्या हार्ड डिस्क. लग्नसराई चालू आहे आणि एक्स्पोर्ट 71 टक्क्यांवर अडकलाय.

स्टुडिओवाले दादा म्हणतात, मी सगळं डी ला ठेवतो, सी मध्ये काहीच नाही. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स उघडून दाखवतात, मिळून 40 जीबी पण भरत नाही. मग बाकीचं काय? अशा वेळी आपल्याकडे एकच सल्ला मिळतो, फॉरमॅट मारा. किंवा एखादा विकतचा क्लीनर टाका. कुणी म्हणत नाही की आधी बघू तरी.

(शॉट: नकाशा, फुल स्क्रीन)

बघायची सोय मात्र जुनी आहे. 1990, अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ. बेन श्नायडरमन यांच्या लॅबमध्ये 80 एमबीची एक हार्ड डिस्क आणि ती वापरणारे 14 जण. 80 एमबी म्हणजे आज 100 एमबीपीएसने शूट केलं तर जेमतेम सहा सेकंद, वधू हार उचलते तेवढ्यात संपलं. डिस्क भरायची आणि कुणाचं काय पडलंय ते कळायचं नाही, म्हणून त्यांनी अख्खी डिस्क एका चौकोनात बसवली, त्यात प्रत्येक फोल्डरचा तुकडा, तुकड्यात फाइलींचे तुकडे, जेवढी फाइल मोठी तेवढं क्षेत्रफळ. ट्रीमॅप. आपल्या गावच्या गट नकाशासारखं, कुणाचं रान केवढं ते लांबून दिसतं. सुरुवातीला त्यात लांबट चिंचोळ्या पट्ट्या पडायच्या, पुढे नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनच्या लोकांनी ते तुकडे चौरसाकडे झुकवले, उशीसारखा फुगवटा दिला. तेच रूप विनडर्स्टॅट या डिस्क बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, 2003 पासून, फुकट, सोर्स कोडसकट, कुणाला पैसे द्यायला लागत नाहीत हे मुद्दाम सांगतोय.

स्कॅन चालू असताना हे पिवळे पॅकमॅन बघा, फोल्डर खात इकडून तिकडे फिरतायत. दादांचा मुलगा इथे पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवतो.

आणि हा निळा पट्टा. स्क्रीनचा जवळजवळ अर्धा. क्लिक केलं की वर पत्ता येतो, युजर्स, ॲपडेटा, मग एडिटिंग सॉफ्टवेअरचं मीडिया कॅश, म्हणजे कामापुरत्या तात्पुरत्या फाइलींचा साठा. ॲपडेटा लपलेलं असतं म्हणून दादांना ते कधी दिसलंच नाही. प्रोजेक्टमध्ये क्लिप घेतली की सॉफ्टवेअर तिच्या आवाजाची एक कॉपी इथे करून ठेवतं, डॉट सीएफए, शिवाय आवाजाच्या लाटा काढायला डॉट पेक. लग्न देऊन झालं, अल्बम गेला, पैसे पण आले, कॅश तिथेच. 190 जीबी.

शेजारचा हा एकटा ठोकळा हायबरफिल, हायबरनेट करताना रॅममधलं ठेवायची विंडोजची फाइल, रॅमच्या साधारण 40 टक्के, हायबरनेट बंद केलं की आपोआप जातो. आणि हे विनएसएक्सएस, विंडोजचं स्वतःचं फोल्डर, दिसतं मोठं पण त्यातल्या बऱ्याच फाइली दुसरीकडच्याच असतात, दोनदा मोजल्या जाऊ शकतात. त्याला हात लावायचा नाही.

कॅश सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधूनच साफ केली, पुढची डी ला वळवली. त्या नादात डी वरचं एका जुन्या साखरपुड्याचं फोल्डर पण उडालं, ते काही मिळालं नाही.

(शॉट: परत स्कॅन)

आता नकाशा बघा, निळा गेला, मधोमध मोकळं. दादा हिरव्या ठोकळ्यावर बोट ठेवतात, हे काय आहे रे? मुलगा माउस ओढून घेतो, थांबा पप्पा, बघतो.

मागे एक्स्पोर्ट 84 टक्के.