खिळा नाही, भिंत नाही: किरिबासचं सुंभावर उभं घर

[कॅमेऱ्यासमोर. मांडीवर जुना पंचा, हातात पिंजलेल्या काथ्याचा झुबका.]

नमस्कार मंडळी. हा काथ्या वेंगुर्ल्याहून आलाय, मावशीने पिशवीत कोंबून दिला. आज बोलता बोलता मी याचा सुंभ वळणार आहे. जमेल तसा. का, ते पुढे कळेलच.

तर झालं असं, एका मित्राने फोटो पाठवला. निळं पाणी, पांढरी वाळू, माडाच्या सावलीत एक छोटं घर. छप्पर आहे, भिंती नाहीत. खाली लिहिलेलं, "नोकरी सोडून इथे जाऊन पडायचं. खर्च किती येईल रे?"

फोटो किरिबासचा होता. लिहिताना किरिबाती लिहितात, पण त्यांच्या लिखाणात टी आणि आय जोडून आले की उच्चार 'स' होतो. मूळ शब्द 'गिल्बर्ट्स', बेटांचं जुनं इंग्रजी नाव, तेच त्यांच्या तोंडात बसून किरिबास झालं. 12 जुलै 1979 ला देश स्वतंत्र झाला.

[स्क्रीनवर पॅसिफिकचा नकाशा]

नकाशात सापडायला वेळ लागेल. बेटं 33, सगळी जमीन मिळून 811 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त. माणसं मात्र 2020 च्या जनगणनेनुसार जेमतेम 1 लाख 20 हजार. आणि ही चिमूटभर जमीन एवढी पांगलेली, की राजधानी असलेल्या तरावापासून पूर्वेकडचं किरितिमाती बेट 3 हजार किलोमीटरहून लांब. मी स्वतः तिथे गेलेलो नाही. पण त्या घराबद्दल वाचत गेलो तसतसं वाटायला लागलं, अरे, याचे सगळे शब्द तर आपल्याकडे आहेत!

यातली बहुतेक बेटं भूगोलाच्या पुस्तकातली कंकणद्वीपं. मधे खारं तळं, भोवती प्रवाळाची बारीक पट्टी. बहुतेक जमीन समुद्रापासून दोन-तीन मीटर वर, बस्स. डोंगर नाही, नदी नाही, चिकणमाती नाही. आपल्याकडे जांभा खणून चिरा काढतात, तिथे खणलं तर प्रवाळ, आणखी खणलं तर पाणी. मग घर कशाचं बांधणार?

दोन झाडांचं. एक माड. दुसरं पँडॅनस, आपल्या केवड्याच्या कुळातलं, तशीच लांब पानं आणि खोडाला आधाराची मुळं.

छप्पर या केवड्याच्या पानांचं. वाळलेलं पान एका काठीवरून दुमडायचं, शेजारी दुसरं, मग तिसरं, आणि दुमडलेली पानं माडाच्या हिरांनी टाचत जायचं. हो, तेच हीर, ज्यांचा आपण खराटा करतो. अशा पट्ट्या खालून वर एकमेकींवर चढवत गेलं की छप्पर तयार. आमच्याकडे आजी पावसाआधी चुडतांची झापं विणायची, ती दोन पावसाळ्यांत कुजायची. केवड्याचं पान त्यापेक्षा बरंच टिकतं.

घरातली जमीन? ती जमिनीवर नसतेच. झोपायचं घर म्हणजे 'बुईया', खांबांवर उचललेला माचा. तळाला झावळ्यांच्या मधल्या दांड्यांच्या पट्ट्या, त्यांच्यात फटी. वर केवड्याच्याच पानांची चटई. वारा खालूनही येतो. बारा महिने तापमान तिशीच्या आसपास असताना, विजेविना याहून चांगला पंखा मला तरी सुचत नाही.

आता या काथ्याकडे या.

[हात कॅमेऱ्याजवळ]

खिळा नाही. लाकडाला लाकूड बांधायचं ते सुंभाने, त्यांच्या भाषेत 'ते कोरा'. नारळाची सोडणं खाऱ्या तळ्याच्या चिखलात काही महिने कुजत घालतात, आपले लोक खाडीत घालतात अगदी तशीच. मग धुवायची, बडवायची, तंतू सुटे करायचे. आणि मग बायका मांडीवर तळहाताने तो वळतात. असा. एक पेड, दुसरा पेड, दोन्हींना उलटा पीळ. माझा पुन्हा सुटला, थांबा.

खारी हवा लोखंडाला खाते हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको, आमच्या खिडकीचे गज दर दिवाळीला रंग मागतात. सुंभाची गाठ गंजत नाही. शिवाय वारा आला की जोड थोडा हलतो, घर करकरतं आणि परत जागेवर बसतं.

"पण वादळात उडून नाही जाणार?" प्रश्न बरोबर. किरिबासची बरीचशी बेटं विषुववृत्ताला इतकी चिकटून आहेत की तिथे चक्रीवादळं सहसा होत नाहीत. वाऱ्याला भोवऱ्यासारखी गिरकी पृथ्वीच्या फिरण्यामुळे मिळते, आणि विषुववृत्ताजवळ ती गिरकी मिळतच नाही. म्हणून हे हलकं घर तिथे चालतं. हेच घर श्रीवर्धन-दिवेआगरला बांधलं असतं तर जून 2020 च्या निसर्ग वादळात त्याचा हीरही सापडला नसता. अर्थात लाटांना ही सूट नाही. मार्च 2015 मध्ये पॅम वादळ लांबून गेलं, तरी त्याच्या लाटांनी दक्षिणेकडची तामाना, अरोराए ही बेटं झोडपून काढली.

आता माझ्या मित्राच्या प्रश्नाकडे. जाऊन पडायचं म्हणतोय ना? बघ बाबा, तिथला दिवस कसा जातो.

पहाटे माडावर चढायचं. पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, बांधून ठेवलेली असते, तिच्या टोकाची बारीक चकती कापायची, रस करवंटीत थेंब थेंब पडत राहतो. हा 'करेवे', आपली नीरा. संध्याकाळी परत चढायचं, परत कापायचं. रोज दोनदा, नाहीतर पोय सुकते आणि रस बंद. भाजीपाला फारसा पिकत नाही अशा बेटावर क जीवनसत्त्व मिळतं ते बरंचसं या ताज्या रसातून. आटवला की काकवीसारखा 'कमाइमाई'. ठेवला की आंबतो, त्याचं काय होतं हे मालवणच्या माणसाने मला विचारू नये. हे लोक वर बसून मोठ्याने गाणी म्हणतात. एक कारण असं सांगतात, की खालच्यांना कळावं वर माणूस आहे.

दुपारी 'बबाई'चे खड्डे. बबाई म्हणजे माणसाच्या डोक्यावरून पानं जातील असं राक्षसी अळू. हा खड्डा गोड्या पाण्यापर्यंत खणलेला असतो. खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोडं पाणी कुठलं? पावसाचं. ते प्रवाळातून झिरपतं, आणि खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून त्याच्यावर तरंगत राहतं, भिंगाच्या आकारात. विहीर खणतात ती या भिंगात. फार उपसलं की खालून खारं वर येतं. एक मोठी लाट बेटावरून गेली, तर पिढ्यान्‌पिढ्या पालापाचोळा घालून सांभाळलेला खड्डा मरतो. मला विचाराल तर समुद्राची पातळी वाढण्याची गोष्ट या खड्ड्यापाशी उभं राहूनच समजते, पाण्यात बुडालेल्या माडांच्या फोटोंतून नाही.

गंमत बघा, एल निनो म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, पाऊस जातो म्हणून. किरिबासला उलट. एल निनोत धो धो पाऊस, ला निनात दुष्काळ.

आणि पाण्यामुळेच त्या सुंदर फोटोत पत्रा शिरतो. "लोक परंपरा विसरले" हे वाक्य मला त्यासाठीच खटकतं. पानांच्या छपरावरचं पाणी धरायचं कसं? पन्हळ लावा, तपकिरी पाणी आणि कचरा येईल. पत्र्यावरचं पाणी सरळ टाकीत जातं. पत्र्याखाली दुपारी भट्टी होते हे त्यांनाही कळतं. तहान आणि उकाडा यांतलं एक निवडायचं आहे, आपणही तहानच आधी भागवली असती. त्यात निम्म्याहून जास्त लोक आता दक्षिण तरावावर दाटीवाटीने राहतात. तिथे घरापुरती पानं तोडायला झाडं कुठली? आणि शौचालयं विहिरींना इतकी लागून, की बऱ्याच विहिरींचं पाणी पिण्यालायक उरलेलं नाही.

भिंती नाहीत, मग खाजगीपण? फारसं नाही. शेजाऱ्याला तुमच्या घरातलं सगळं दिसतं. त्यातच 'बुबुती' नावाची रीत: नातलगाने एखादी वस्तू मागितली की नाही म्हणणं फार कठीण. तुमची सायकल, तुमची कढई. पगारदार माणूस यात पार टेकीला येतो. पण छप्पर शाकारायचं असेल तेव्हा हेच नातलग न बोलावता हजर होतात, पानं आणतात, टाचतात, वर चढतात. एकट्याने हे घर बांधता येत नाही. म्हणून मित्रा, खर्च विचारू नकोस, चुलत भाऊ किती आहेत ते सांग.

गावाचं मोठं घर म्हणजे 'मनेआबा'. सभा, लग्न, पाहुणचार, सगळं तिथे. जुन्या मनेआबांचे बाजूचे खांब प्रवाळाच्या उभ्या शिळांचे, आणि छप्पर इतकं खाली उतरलेलं की आत शिरताना प्रत्येकाला वाकावंच लागतं. आत प्रत्येक कुळाची बसायची जागा ठरलेली, तिला 'बोती' म्हणतात. अख्ख्या गावाला सावली देईल एवढं छप्पर, त्याचा प्रत्येक वासा, प्रत्येक पट्टी सुंभाने बांधलेली. तेवढा सुंभ कुणीतरी मांडीवर वळलेला असतो.

[मांडीवरचा सुंभ उचलून दाखवतो]

माझा किती झालाय बघा, व्हिडिओ सुरू केल्यापासून. वीतभर. टोक सोडलं तर... हं, गेला. मांडी मात्र सोलली.